बिल 316चं, सर्टिफिकेट 304चं, माल 202चा

21,110 रुपये. एका 13 फुटी एंटरप्राइझ होडीच्या सुकाणूसाठी. आकडा लिहिताना लाज वाटते, पण हा माल विकणारा इसम अजून तसल्याच जाहिराती टाकतोय म्हणून लिहितो.

जुने 8 मिमीचे पिंटल (सुकाणूवरच्या बिजागरीच्या खुंट्या) झिजून सुकाणू खडखडत होतं. 10 मिमी दांड्याचे दोन पिंटल आणि दोन गजन (खुंटी ज्यात बसते ती होडीवरची कडी), '316 मरीन ग्रेड' स्टेनलेस स्टील, 14,500 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 17,110. सगळे आगाऊ, यूपीआयने. बसवणावळ 4,000 रोख, पावती नाही. 'शेवटचा सेट उरलाय' म्हणणारे कसे असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं.

त्याने चुंबक लावून दाखवलं, चिकटलं नाही. चुंबकावर अजिबात जाऊ नका. 202, 304, 316 या स्टेनलेसच्या प्रकारांपैकी कशालाच ते धड चिकटत नाही. उलट अस्सल 316ची पट्टी न तापवता वाकवलेली असेल तर बाकाजवळ किंचित ओढ लागते.

मग टेस्ट सर्टिफिकेट दिलं. इथेच माती खाल्ली. मॉलिब्डेनमच्या रकान्यात चक्क 0.21 होतं! 316मध्ये ते 2 ते 3 टक्के असतं, आणि खाऱ्या पाण्यात 316 घ्यायचं ते त्याच्याचसाठी. निकेल 8.1, किमान 10 हवं. कागद सरळसरळ 304चा होता, तो बदलायची तसदीसुद्धा घेतली नव्हती. मी शिक्का पाहिला, सही पाहिली, हीट नंबर (धातूच्या घाणीचा, म्हणजे बॅचचा क्रमांक) आहे एवढं पाहिलं आणि घडी घालून खिशात टाकला. तो नंबर पट्टीवर ठोकलाय का, ते पाहिलं नाही. नव्हताच. बिलावरचा जीएसटी क्रमांक 24ने सुरू होत होता, पत्ता मात्र रायगडचा. महाराष्ट्राचा क्रमांक 27ने सुरू होतो, हे मी रोज बघतो.

माझ्या बाजूने एवढंच: पॉलिश केलेलं 202 आणि 316 नुसत्या डोळ्यांनी कुणालाच ओळखता येत नाही. बाजारात मॉलिब्डेनम तपासायचं द्रावण मिळतं, थेंब टाकून रंग बघायचा. पैसे देण्याआधी टाका.

सहा आठवड्यांत स्क्रूंच्या डोक्यांखालून तांबूस ओघळ आले. चौथ्या महिन्यात खालचा पिंटल पट्टीपासून निखळला. दांडा पूर्ण वेल्ड केलेलाच नव्हता. दोन टाके मारून वरून बफ केलेलं. प्रयोगशाळेत 1,500 भरून तपासलं तेव्हा मँगनीज 9 टक्क्यांच्या वर, निकेल जेमतेम 4. म्हणजे 202, भांड्यांचा पत्रा.

बसवणंही तसलंच. ट्रान्समच्या (होडीच्या मागच्या सपाट भिंतीच्या) आत आधाराची पट्टी नाही, लाकडात मारायचे स्क्रू, वर सिलिकॉन. खरं तर भोकं मोठी पाडून इपॉक्सीने भरायची, पुन्हा 6 मिमी पाडायची, आरपार बोल्ट, आतून रुंद वॉशर, आणि सीलंट पॉलियुरेथेनचा. दोन्ही गजनांतून एकच सरळ 10 मिमी सळई सहज सरकली पाहिजे, त्याशिवाय बोल्ट आवळायचे नाहीत. इथे आस वाकडा होता, म्हणून सुकाणू जड चालायचं. 'नवीन आहे, मोकळं होईल,' म्हणाला. होत नसतं! गजनातले बुश (आतल्या नळ्या) नायलॉनचे होते, ते पाण्यात फुगतात, अ‍ॅसिटलचे घ्या. खालचा पिंटल वरच्यापेक्षा लांब हवा, म्हणजे पाण्यात चढवताना तो आधी सापडतो. याने दोन्ही सारखेच दिले.

पोलीस ठाण्यात म्हणाले, माल मिळालाय ना, मग फसवणूक कसली, हे दिवाणी. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. दुसऱ्या खेपेला पोलिसांनी 'पिंटल म्हणजे काय' ते लिहून आणायला सांगितलं. लिहून नेलं, चित्रासकट. तिसऱ्या खेपेला साहेब बदलले होते आणि कागद सापडत नव्हता. नव्या साहेबांनी विचारलं, होडी बुडाली का? नाही. मग नुकसान काय?

साहेब, भर वाऱ्यात सुकाणू हातात आलं तर काय होतं, हे दाखवायला होडी बुडवून आणायची का?

आता जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. रोखीच्या 4,000 चा पुरावा नाही, ते गेले. रोख देऊच नका. तुटलेला पिंटल घासूनपुसून ठेवू नका, गंजासकट पिशवीत सील करा. माझा प्रयोगशाळेच्या अहवालासोबत तसाच ठेवलाय.