बिनखिडकीच्या न्हाणीतली बुरशी: ब्लीच, ॲसिड, चुना की पंखा?

बेळगाव जिल्ह्यात अथणी-रायबागकडे हवा कोरडी. तिथे आंघोळीनंतर फरशीवरून वायपर फिरवला आणि दार उघडं टाकलं की बहुतेक वेळा भागतं. बेळगाव शहरात आणि खानापूर तालुक्यात, विशेषतः कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात, जून ते सप्टेंबर बाहेरचीच हवा ओली. खर्च कशावर करायचा हा प्रश्न खरा तिथला.

आधी ओल कुठली ते बघा. भिंत पुसून कोरडी करा, फूटभर प्लास्टिक चारही कडांनी टेपने चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी आलं तर ती गळती: वरची न्हाणी, टाकीचा पाइप नाहीतर शेजाऱ्याची सामाईक भिंत. मग आधी गवंडी, बाकीचं नंतर. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर ती आंघोळीची वाफ.

बुरशी काढायला लोक पहिल्यांदा ॲसिडची बाटली उचलतात. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग त्याने जातात हे खरं, पण टाइलच्या सांध्यांतलं सिमेंटही ते खातं. सांधा खडबडीत झाला की पुढची बुरशी तिथेच घट्ट बसते. टाइलसाठी ब्लीच बरं: 4-5 टक्क्यांचं साधं ब्लीच 1 कप, पाणी 9 कप. त्याआधी साबणाचा थर घासून काढा, नाहीतर ब्लीचचा जोर त्या थरावरच संपतो. 10-15 मिनिटं ओलं राहू द्या, मग धुवा. छताच्या प्लास्टरवर मात्र ब्लीच वरवरचा काळा रंग घालवतं, आतली बुरशी राहते, शिवाय थेंब डोळ्यांत पडतात. तिथे 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड फवारावं (6 टक्क्यांचं मिळालं तर तेवढंच पाणी घालून), तेही चष्मा लावूनच. कडेच्या फटीत भरलेल्या सिलिकॉनच्या आत काळं शिरलं असेल तर घासत बसू नका, कापून नवीन भरा.

ब्लीच आणि ॲसिड एका दिवशी वापरूच नका, व्हिनेगरही नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि खिडकी नसलेल्या खोलीत तो जाणार कुठे?

छताला ऑइल पेंट की चुना? आमचा कौल चुन्याला. तो अल्कधर्मी असतो, त्यावर बुरशी सहज धरत नाही आणि स्वस्तही पडतो. हाताला पांढरं लागतं, पण छताला हात लावतो कोण! जुना ऑइल पेंट किंवा इमल्शन आधी खरवडून काढावं लागतं, नाहीतर चुन्याचे पापुद्रे सुटतात.

हे झालं साफसफाईचं. बुरशी परत येऊ नये म्हणून पैसे घालायचे ते पंख्यात. “पावसाळ्यात बाहेरची हवा ओली, मग पंखा काय वाळवणार?” असं हमखास विचारलं जातं. 32 अंशांच्या वाफाळ न्हाणीत घनमीटरमागे सुमारे 34 ग्रॅम पाणी मावतं, बाहेरच्या 24 अंशांच्या पूर्ण ओल्या हवेत सुमारे 22. म्हणजे वाफ निघते, पण फरशी खडखडीत होत नाही. त्यामुळे वायपर सुटत नाही. कपाटात ठेवायच्या ओल शोषणाऱ्या डब्यांचा इथे उपयोग नाही.

5×7 फुटांची, 9 फूट उंच न्हाणी म्हणजे जेमतेम 9 घनमीटर. कागदावर तासाला 70 घनमीटरचा पंखा पुरतो, पण पाइपमुळे ओढ घटते, म्हणून 150 चा घ्या. तो थेट बाहेरच्या भिंतीत बसत असेल तर साधा 6 इंची चालेल. लांब पाइप किंवा दोन वळणं असतील तर साधा पंखा नुसता फिरतो, तिथे पाइपच्या मध्ये बसणारा इनलाइन पंखा घ्या. पाइपला बाहेरच्या बाजूला उतार द्या. तोंड माळ्यात सोडलं तर बुरशी माळ्यावर जाते, आणि ही चूक फार दिसते.

गॅस गीझर न्हाणीच्या आत असेल तर पंख्याआधी तो बाहेर काढा. त्याच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि पंखा उलट जळका वायू खोलीत ओढू शकतो.

पंखा आंघोळीनंतर 20-30 मिनिटं चालू ठेवा. दार बंद करून जाळीला टिश्यू पेपर लावून बघा. चिकटून राहिला तर ठीक. पडला तर दाराखाली पाऊण इंच फट ठेवा: आत हवा यायला वाट नसेल तर पंखा बाहेर काय फेकणार?