सोफा-कार्पेट धुण्याचं मशीन: पुझ्झी १०/१ नाशिकच्या कामाला कितपत पुरतं?

सोफा धुऊन दिल्यावर दुसऱ्या दिवशी ग्राहकाचा फोन येतो तो बहुतेक वेळा डागासाठी नसतो. ‘अजून ओलाच आहे, आणि कुबट वास येतोय,’ अशी तक्रार असते. म्हणून मशीन बघताना ते पाणी किती जोरात मारतं यापेक्षा मारलेलं पाणी किती परत ओढतं, हे आधी बघावं. जाहिरातीत दाबाचे आकडे मोठे छापतात. सक्शनचे बारीक अक्षरात असतात किंवा नसतातच.

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. वेट-अँड-ड्राय व्हॅक्युम, सोबत हाताचा ब्रश आणि फेसाची बाटली, हा सर्वांत स्वस्त जोड. फेस नीट ओढला गेला नाही तर साबण कापडातच राहतो, त्याला धूळ चिकटते आणि महिन्याभरात सोफा आधीपेक्षा मळका दिसतो. स्टीम मशीन दिसायला भारी. पण वाफ मळ सैल करते, उचलत नाही. सुती आणि व्हिस्कोस कापड आकसतं ते वेगळंच. रोजच्या धंद्याला खरं उपयोगाचं तिसरं, स्प्रे-एक्स्ट्रॅक्शन: एकाच तोंडातून फवारा आणि लगेच मागे सक्शन. कार्चर या कंपनीचं पुझ्झी १०/१ या जातीतलं. नाशिकमध्ये नव्याने काम सुरू करणाऱ्याने आधी हेच तपासावं, असं आमचं मत.

आकडे असे. स्वच्छ पाण्याची टाकी १० लिटर, घाण पाण्याची ९ लिटर. फवारा मिनिटाला १ लिटर, दाब १ बार. सक्शन मोटर १२५० वॅट, व्हॅक्युम २२० मिलिबार, हवेचा प्रवाह सेकंदाला ५४ लिटर. रिकाम्या मशीनचं वजन साधारण ११ किलो. म्हणजे लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक माणूस ते नेऊ शकतो, पाणी मात्र वर गेल्यावरच भरायचं. १ बार ऐकून लोक नाक मुरडतात. सोफ्याला इतका दाब भरपूर झाला. जास्त दाबाने पाणी फोमच्या तळाशी जातं आणि तिथून कुठलीच मोटर ते सहज वर आणत नाही. व्हॅक्युम पाण्याला फोममधून सोडवतो आणि हवेचा प्रवाह ते टाकीपर्यंत वाहून नेतो. दोन्ही आकडे बरे असल्याशिवाय सोफा लवकर वाळत नाही.

हातात धरायचं तोंड पारदर्शक आहे, ही या मशीनची सर्वांत मोलाची गोष्ट. पहिल्या ओढीला चहासारखं पाणी वर चढताना दिसतं, तिसऱ्या-चौथ्या ओढीला फिकट होतं, आणि कुठे थांबायचं ते डोळ्यांनी कळतं. ग्राहक शेजारी उभा असेल तर त्यालाही दिसतं.

डेमोशिवाय घेऊ नका, आणि डेमो दुकानातल्या चटईवर नको, खऱ्या सोफ्यावर हवा. टाकीत मोजून ५ लिटर पाणी घाला, सगळं फवारून ओढून घ्या आणि घाण टाकीतलं पाणी बादलीत मोजा. ४ लिटरच्या आसपास आलं तर उत्तम. साडेतीनच्या खाली आलं तर झाकणाचं रबर नीट बसत नाही, पाइपला चीर आहे किंवा तोंड कापडावर तिरकं धरलं जातंय. तोंड सपाट टेकवून पुन्हा मोजा. तरी फरक पडला नाही तर ते मशीन घेऊ नका. मग धुतलेल्या जागेवर कोरडा पांढरा टॉवेल तळहाताने दाबा. टॉवेल दमट लागला तर ठीक, पाणी उमटलं तर नाही.

पाच सीटच्या सोफ्याचं काम असं चालतं. आधी कोरडा व्हॅक्युम, शिवणी आणि गादीखालच्या खाचांसह. हे टाळलं तर धुळीचा चिखल होतो. मग शाम्पू पंपाच्या बाटलीतून, पातळ करून, एक ते दीड लिटर. पाच ते दहा मिनिटं थांबायचं, पण वाळू द्यायचं नाही. मऊ ब्रशने हलकं घासायचं. मशीनच्या टाकीत शक्यतो नुसतं कोमट पाणी ठेवा, ५० अंशांच्या वर नको. ट्रिगर दाबून तोंड आपल्याकडे ओढायचं, त्याच पट्ट्यावर ट्रिगर सोडून दोन कोरड्या ओढी, पुढचा पट्टा आधीच्यावर दोन बोटं चढवून. मिनिटाला एक लिटर हे धरलं तर पाच सीटला आठ ते दहा लिटर लागतात, म्हणजे टाकी एका सोफ्याची. शेवटी सगळ्या सोफ्यावर पुन्हा एकदा नुसतं सक्शन. ही फेरी घाईत वगळली जाते, आणि वासाच्या तक्रारी तिथूनच निघतात. फवारा आणि सक्शनची बटणं वेगळी आहेत. या फेरीत फवाऱ्याचं बटण बंद ठेवा. टाकी संपल्यावर फवाऱ्याचा पंप कोरडा चालत राहिला तर तो तापतो आणि सील जातं.

फेस हा मोटरचा शत्रू. घाण टाकी भरली की फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा भाग, सक्शन बंद करतो, पण तो पाण्याने उचलला जातो, फेसाने नाही. घरात आधी कुणी धुण्याच्या पावडरीने सोफा पुसलेला असेल तर फेस उसळून थेट मोटरकडे जातो. अशा वेळी घाण टाकीत एक झाकण डिफोमर, म्हणजे फेस मारणारं द्रव्य, आधीच टाकून ठेवा.

आता डाग. नाशिकच्या सोफ्यांवर मिसळीची तर्री आणि रेड वाइन हे दोन डाग येणारच, आणि दोन्हींवर जोरदार अल्कली शाम्पू घालणं ही सर्वांत महागडी चूक. हळदीतला पिवळा रंग अल्कलीत लालसर तपकिरी होतो. ग्राहकाला वाटतं डाग वाढला. वाइनचा जांभळा रंग अल्कलीत निळसर-राखाडी पडतो. तर्रीवर आधी न्यूट्रल, म्हणजे ना आम्ल ना अल्कली अशा, शाम्पूने तेल काढा, मग एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी फिरवून ओढून घ्या. पिवळी छटा राहिलीच तर गादीचं कव्हर उन्हात ठेवा. हळद उजेडात विटते. वाइन चोळायची नाही, टिपायची, थंड पाण्याने. कुठलंही रसायन आधी सोफ्याच्या मागच्या खालच्या कडेला तपासा. लेबलवर ‘एस’ (फक्त सॉल्व्हंटने साफ करायचं) किंवा ‘एक्स’ (फक्त कोरडा व्हॅक्युम) असेल तर पाण्याचं मशीन लावूच नका. वनस्पती रंगाचा हाताने विणलेला गालिचा रंग सोडू शकतो. तो सरळ नाकारा.

पाण्याचा प्रश्न बोअरवर चालणाऱ्या सोसायट्यांत येतो. जड पाण्याने नोझलमध्ये क्षार बसतो, फवाऱ्याचा पंखा मोडून दोन धारा पडतात आणि सोफ्यावर ओले-कोरडे पट्टे उठतात. नोझल काढा, लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व घालून वीस मिनिटं बुडवा, धुऊन बसवा. सुई घालू नका. भोक मोठं झालं की फवारा कायमचा बिघडतो.

वीज. मोटर आणि पंप मिळून साडेपाच अँपिअरच्या पुढे जातात, म्हणजे छोट्या पिनचा सहा अँपिअरचा पॉइंट अगदी काठावर. सोळाचा पॉवर पॉइंट शोधा, एक्स्टेन्शनची तार जाड घ्या आणि गुंडाळी पूर्ण उलगडा. गुंडाळलेली तार आतून तापते.

उणिवाही आहेत. हीटर नाही. पाइप अडीच मीटरचा, त्यामुळे एल आकाराच्या सोफ्याला मशीन दोनदा सरकवावं लागतं. मोठ्या कार्पेटला ते हळू आहे: कंपनीच्या हिशेबाने तासाला २० ते २५ चौरस मीटर. अंबड-सातपूरच्या एखाद्या ऑफिसात हजार चौरस फुटांचं, म्हणजे ९३ चौरस मीटरचं कार्पेट असेल तर चार तास मोडले. अशी कामं नियमित असतील, किंवा २०२७च्या सिंहस्थासाठी हॉटेलांच्या खोल्या घेणार असाल, तर पुझ्झी १०/२ बघा: २ बार, मिनिटाला २ लिटर, तासाला ३० ते ४५ चौरस मीटर, आणि ब्रशचं विजेवरचं तोंड जोडायची सोय. फक्त सोफे, गाद्या आणि गाड्यांच्या सीट करायच्या असतील तर पुझ्झी ८/१ सी पुरतं. टाकी ८ आणि ७ लिटरची, पण व्हॅक्युम २३६ मिलिबार, म्हणजे १०/१ पेक्षा थोडा जास्तच. घरोघरी जाणाऱ्या एकट्या माणसाला आम्ही हेच सुचवू.

कुठलंही घ्या, पक्कं बिल घ्या आणि पंप, फ्लोट, झाकणाचं रबर, मोटरमधले कार्बन ब्रश हे चार सुटे भाग किती दिवसांत मिळतात ते दुकानदाराकडून लिहून घ्या. पावसाळ्यात एक पंखा सोबत ठेवा. एप्रिलच्या कोरड्या हवेत चार-पाच तासांत वाळणारा सोफा ऑगस्टमध्ये दुप्पट वेळ घेतो. काम संपल्यावर दोन्ही टाक्या रिकाम्या करा, दोन लिटर स्वच्छ पाणी पाइपमधून ओढा आणि रात्रभर झाकण उघडं ठेवा.