गोळाभात की वडाभात?

नागपुरात महाल भागातल्या आमच्या घरी रविवारी हाच वाद. वडाभाताला आईची तयारी आदल्या रात्रीपासून: डाळी भिजवा, सकाळी भरड वाटा, वडे तळा, मग भातावर कुस्करा. निम्मे वडे तर ताटात पडायच्या आधीच आम्ही पळवायचो. बाबा वडेवाले, पण मे महिन्यात पारा ४५ वर गेल्यावर कढईपुढे उभं कोण राहणार? (बाबा नाही.)

गोळाभात सोपा. चण्याच्या डाळीचा भरडा, तिखट, हळद, तेलाचं मोहन. मुटके वळून शिजत आलेल्या भातात खुपसले की झाकण. माझं मत त्यालाच. गरम गोळा बोटांनी फोडायचा, वर हिंग-मोहरी-लाल मिरचीचं चरचरीत तेल. कुस्करलेला वडा कुरकुरीतच राहतो, गोळा मात्र सगळं तेल पितो. “अजून घे ना बाप्पा,” म्हणत आई पळी पुन्हा वाकडी करायची.