बिलात नवा पत्रा, गाडीत जुनाच गंज

गाडी १९६९ ची शेवरोले कॅमारो, दोन दारांची कूपे, अमेरिकेत एका दुकानात रिस्टोअर करायला दिलेली. दुकानाच्या बिलात लिहिलेलं असं: दोन्ही क्वार्टर पॅनल (दारामागचा, मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा) पूर्ण बदलले, मागच्या काचेचं चॅनल नवं, डिकीचा तळ आणि रॉकर (दारांखालच्या पोकळ पट्ट्या) नवे, सगळी बॉडी ब्लास्ट करून, म्हणजे वाळूच्या माऱ्याने रंग-गंज उडवून, इपॉक्सी प्रायमर. रंगात तोंड दिसेल अशी चकाकी. मालकाने शेवटचा हप्ता दिला आणि गाडी घरी नेली. पहिला हिवाळा गाडी शेडमध्ये झाकून होती, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मीठ तिला लागलंच नाही. तरी उन्हाळ्यात डाव्या मागच्या चाकाच्या कमानीवर तांदळाच्या दाण्याएवढे फोड उठले. फोड टोकरला तर आतून तपकिरी पाणी आलं. मग रंग उतरवला, आणि बिलातली एकेक ओळ खोटी निघत गेली.

ही फसवणूक रंगाच्या बूथमध्ये झालेली नव्हती. जुना रंग उतरल्यापासून प्रायमर बसेपर्यंत पत्रा उघडा असतो आणि काय सडलंय, काय कापलं, काय जोडलं हे नुसत्या डोळ्यांना दिसतं. नेमकं त्याच काळात मालकाला ‘आत्ता येऊ नका, फोटो पाठवतो’ असं सांगितलं गेलं. फोटो आलेही. त्यातल्या एका फोटोत फायरवॉलला (इंजिन आणि प्रवाशांमधला आडवा पत्रा) कारखान्यातून एसी बसवलेल्या गाडीसारखा कापलेला भाग दिसत होता. या गाडीला एसी कधी नव्हताच. गाडी दुसऱ्याच कुणाची होती.

आता क्वार्टर पॅनल. पूर्ण क्वार्टर बदलायचा तर छताला जिथे जोड आहे तिथपासून सुरुवात होते. हा जोड कारखान्यात शिशाने भरलेला असतो. शिसं वितळवून काढायचं, मग खालचे स्पॉट वेल्ड (कारखान्यातले ठिपक्यांसारखे जोड) शोधून ८ मिलिमीटरच्या कटरने एकेक सोडवायचे: छताचा जोड, दाराची चौकट, काचेची कड, डिकीची पन्हळ, व्हीलहाउसची (चाकावरच्या आतल्या घुमटाची) कड, मागचं टेल पॅनल. हे किचकट काम आहे, म्हणून बिलात त्याची रक्कम मोठी असते. या गाडीत मात्र छताच्या जोडाला कुणी हातही लावलेला नव्हता. बाजूच्या रेषेखाली एक ‘स्किन’, म्हणजे नुसता बाहेरचा पत्रा, जुन्या पत्र्यावर ४० मिलिमीटर चढवून मधूनमधून टाके मारलेले, आणि वरून पुट्टी. जुना सडका पत्रा मागे तसाच.

स्किन किंवा पॅच लावणं हा स्वतःहून गुन्हा नाही. वरचा पत्रा धडधाकट असेल तर फक्त खालचा भाग कापून, कडेला कड भिडवून नीट वेल्ड केलेला पॅच पूर्ण क्वार्टरपेक्षा चांगला, कारण छताचा मूळ जोड शाबूत राहतो. लबाडी इथे आहे की पैसे एका कामाचे घेतले आणि केलं दुसरंच, तेही चढवाचढवी करून. एकावर एक चढवलेल्या दोन पत्र्यांच्या फटीत प्रायमर पोचत नाही, ओल मात्र पोचते. शिवाय तो जोड उन्हात वेगळ्या गतीने तापतो, आणि काही महिन्यांनी रंगात लांबलचक सरळ रेघ उमटते. ही रेघ ओळखायला शिका. डिकीत शिरून क्वार्टरच्या आतल्या बाजूला बॅटरी मारा. आडवी उघडी कड दिसली तर स्किन आहे. पूर्ण पॅनल बसवलं असेल तर दाराच्या चौकटीत आणि डिकीच्या पन्हळीत सारख्या अंतरावर प्लग वेल्डच्या (भोक पाडून ते वेल्डने भरलेल्या जोडांच्या) गोल खुणा सापडतात.

चांगलं वेल्डिंग कसं असतं हे माहीत असल्याशिवाय वाईट ओळखू येत नाही. या गाड्यांचा बाहेरचा पत्रा साधारण ०.९ ते १ मिलिमीटर जाड. त्याला मिग वेल्डरवर (तार आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग यंत्र) ०.६ मिलिमीटरची तार आणि ७५ टक्के आर्गॉन, २५ टक्के कार्बन डायऑक्साइड असा गॅस लागतो. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मधला पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचं, मग मधली अंतरं भरत जायचं. घाईत सलग वेल्ड ओढला की पत्रा आक्रसतो आणि सगळी बाजू आत ओढली जाते. मग ती खोलगट बाजू पुट्टीने भरून वर आणतात. डावा क्वार्टर असाच भरला होता. चाकाच्या कमानीपाशी पुट्टीचा थर ११ मिलिमीटर निघाला.

पुट्टी स्वतः वाईट नाही. कुठलीही चांगली गाडी पुट्टीशिवाय सपाट होत नाही. पण थर ३ मिलिमीटरच्या आत राहायला हवा आणि तिच्याखाली धडधाकट, सगळीकडून बंद पत्रा हवा. पॉलिएस्टर पुट्टीत टाल्क असतं, ते ओल शोषतं. वरून रंग असल्यामुळे पाणी वरून येत नाही. ते येतं मागून, चाकाने उडवलेलं, पत्र्याला पडलेल्या बारीक भोकांतून. पुट्टी ते पिऊन बसते, खाली गंज फुगतो, रंग उचलला जातो. तेवढ्याच जागेवर परत रंग मारून देणाऱ्याचे आभार मानू नका. त्याला कारण पक्कं ठाऊक असतं.

तपासायला दोन साधनं पुरतात. पातळ कापडात गुंडाळलेलं लहान चुंबक: पत्र्याला घट्ट धरतं, जाड पुट्टीवर सुटून पडतं. दुसरं, रंगाची जाडी मोजणारं गेज. कारखान्याचा मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन. नीट रिस्टोअर केलेल्या गाडीवर प्रायमरसकट २५० ते ४०० आला तर घाबरायचं कारण नाही. १००० च्या वर गेला की प्रश्न विचारा. बरीच स्वस्त गेजं १३०० किंवा २००० च्या पुढे काही दाखवतच नाहीत. कोरी स्क्रीन म्हणजे ‘सगळं ठीक’ असा अर्थ काढणारे लोक आहेत. अर्थ नेमका उलटा आहे. आणि एक सवलत द्या: छत आणि क्वार्टरच्या जोडावर आकडा मोठा येणारच, कारण शिसं चुंबकाला दाद देत नाही आणि गेज त्यालाही रंगाचा थर समजतं. तिथल्या आकड्यावरून कुणाला चोर ठरवू नका.

मागच्या काचेचं चॅनल ही या पिढीच्या कॅमारोची दुखरी नस. क्रोमच्या पट्ट्या धरणाऱ्या क्लिपांच्या खुंट्यांपाशी रंग तुटतो, पट्टीखाली पाणी साठतं, चॅनल कुजतं, आणि पाणी थेट डिकीत टपकतं. म्हणून डिकीचा तळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे खोलगे कुजलेले दिसले तर पहिला संशय या चॅनलवर घ्यायचा. काम करायचं तर काच काढून चॅनल खुंट्यांसकट कापून नवं बसवावं लागतं. इथे काच काढलेलीच नव्हती. कडेने सीम सीलर (फटी बुजवायचा लेप) फासलं होतं, वर नवी पट्टी. डिकीच्या तळाचा तर विचारच नको: जुन्या चाळणीवर गॅल्व्हनाइज्ड पत्रा पॉप रिव्हेटने ठोकलेला आणि त्यावर अंडरकोटिंगचा जाड काळा लेप. ताजं, जाड, एकसारखं काळं अंडरकोटिंग दिसलं की कोपऱ्यात थोडं खरवडून बघायची परवानगी मागा. नकार मिळाला तर उत्तरही मिळालं.

रॉकरमध्ये आणखी वाईट. बाहेरून नवा पत्रा, आत फोमचा स्प्रे भरलेला. फोम ओल धरून ठेवतो आणि पाणी जायची खालची भोकं बुजवतो. नवा रॉकर आतून वर्षभरात गंजायला लागतो. खालच्या भोकांतून बोरोस्कोप (बारीक नळीवरचा कॅमेरा) घातला की कळतं. आत काय दिसायला हवं? प्रायमर, आणि त्यावर कॅव्हिटी वॅक्सचा (पोकळीत फवारायच्या गंजरोधक मेणाचा) चिकट थर.

याच कामात दारांच्या फटींचा खेळ होतो. कॅमारोला पुढे वेगळी सबफ्रेम (इंजिन धरणारी सुटी चौकट) असली तरी मधली-मागची बॉडी स्वतःच सांगाडा आहे आणि रॉकर तिची कंबर. रॉकर कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरके लोखंडी आधार वेल्ड करायचे, बॉडी सपाट टेकवून मोजायची, आणि मगच कापायचं, तेही एका वेळी एकच बाजू. आधार न देता दोन खांबांच्या लिफ्टवर टांगून कापलं की बॉडी खचते. वेल्ड झाल्यावर ती तशीच गोठते. मग दार बसत नाही, म्हणून दाराची कड घासतात किंवा पुट्टीने वाढवतात. फट साधारण ४ ते ५ मिलिमीटर आणि वरपासून खालपर्यंत सारखी हवी, तीही गाडी चारही चाकांवर उभी असताना. लिफ्टवर असताना दाखवलेली फट मोजूच नका.

‘सगळी बॉडी ब्लास्ट केली’ ही ओळ पडताळायला सोपी. डॅशखाली, डिकीच्या बिजागरीमागे आणि दाराच्या पोटात बघा. तिथे मूळ रंग दिसला तर बाहेरून नुसता सँडर फिरवलाय. उलट बाजूही आहे: छत आणि बॉनेटसारखे मोठे सपाट पत्रे जाड वाळूने, जास्त दाबाने ब्लास्ट केले तर ते लाटांसारखे वाकतात. उष्णतेने नव्हे, वाळूच्या माऱ्याने एका बाजूचा पृष्ठभाग ताणला जातो म्हणून. वाळूऐवजी सोडा वापरला असेल तर त्याची पूड फटींतून नीट धुवावी लागते, नाहीतर रंग सुटतो. आणि ब्लास्ट केलेला पत्रा नागडाच असतो: दमट हवेत काही तासांत त्यावर केशरी झाक येते. इपॉक्सी त्याच दिवशी बसायला हवं. ‘ब्लास्ट होऊन तीन आठवडे झाले, पुढच्या आठवड्यात प्रायमर मारू’ असं कुणी म्हणालं तर ब्लास्टिंगचे पैसे पाण्यात गेले.

गंज कन्व्हर्टर नावाच्या बाटलीबद्दल एवढंच: टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल वरवरच्या गंजाला काळं करून थांबवतं. भोक पडलेल्या किंवा पापुद्रे सुटलेल्या पत्र्याला ते काही करत नाही.

एक चोरी मात्र रंग उतरवूनही दिसली नाही, जुने फोटो ताडून बघितल्यावर दिसली. गाडीचे पुढचे दोन्ही फेंडर (पुढच्या चाकांवरचे बाजूचे पत्रे) मूळ आणि चांगले होते. परत आले ते नवे नकली. मूळ पत्र्याला बाजारात मागणी आहे, ते कुठे गेले हे सांगायला नको. गाडी देण्याआधी प्रत्येक सुट्या पॅनलला आतून, न दिसणाऱ्या जागी, सेंटर पंचने खूण करा आणि खुणेसकट फोटो काढा. कागदावर लिहून घ्या की काढलेला प्रत्येक तुकडा, सडकासुद्धा, परत मिळाला पाहिजे. कॅलिफोर्नियात वर्क ऑर्डर देतानाच मागणी केली तर बदललेले भाग परत देणं दुकानाला कायद्याने बंधनकारक आहे, आणि कामाआधी लेखी अंदाजपत्रकही. बॉडीच्या कामात प्रत्येक भाग नवा, वापरलेला की दुरुस्त केलेला हे त्यात लिहावं लागतं. इतर राज्यांत नियम वेगळे, म्हणून आपल्या राज्याचे आधी वाचा.

काउल (विंडशील्डच्या खालचा पत्रा) बदलायची वेळ आली तर व्हिनचा, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाचा, विचार आधी करा. १९६८ पासून कॅमारोची व्हिन पट्टी डॅशवर, ड्रायव्हरच्या बाजूला, विंडशील्डमधून दिसते. पण क्रमांकाचा काही भाग काउलवर आणि हीटरच्या पेटीमागे फायरवॉलवरही लपवून ठोकलेला असतो. तो पत्रा कापून फेकला की गाडीची ओळख गेली. कापण्याआधी क्रमांक दिसेल असे फोटो घ्या आणि तो तुकडा स्वतःकडे ठेवा. व्हिन काढणं किंवा बदलणं हा अमेरिकेत संघीय गुन्हा आहे, अमेरिकी कायदेसंहितेचं शीर्षक १८, कलम ५११. दुरुस्तीसाठी अपवाद आहे, पण ‘रंग नीट बसावा म्हणून पट्टी काढली’ हे ऐकून घेऊ नका.

पैशांचा हिशेब टक्क्यांवर बांधू नका. ‘साठ टक्के काम झालं’ याला काही अर्थ नसतो. हप्ते दिसणाऱ्या टप्प्यांवर बांधा: उघडा पत्रा स्वतः पाहिल्यावर एक, वेल्डिंग पुट्टीआधी पाहिल्यावर दुसरा, इपॉक्सीनंतर तिसरा, पुढचं नंतर. पुट्टीआधीची भेट चुकवली तर बाकीच्या भेटींना किंमत उरत नाही. मोठा आगाऊ हप्ता क्रेडिट कार्डावर दिला म्हणून निश्चिंत होऊ नका. कार्डाच्या बिलाविरुद्ध लेखी तक्रारीची संघीय मुदत चूक असलेलं पहिलं स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांची, आणि ही कामं वर्ष-वर्ष चालतात.

भांडण झालं तर रागाच्या भरात उरलेले पैसे अडवू नका. बऱ्याच राज्यांत थकबाकीसाठी गाडी ठेवून घ्यायचा हक्क दुकानाला असतो, आणि पुढे ती विकली जाऊ शकते. आधी वकिलाला विचारा, मग बोला. अर्धवट गाडी उचलायला जाल तेव्हा यादी सोबत न्या: काचा, क्रोमच्या पट्ट्या, दारांच्या बिजागऱ्या, सबफ्रेमचे बोल्ट, सगळं नाव लिहिलेल्या पिशव्यांत. रॉकर कापलेले असतील तर चौकटीतले आधार जागेवर आहेत का ते बघूनच गाडी ट्रेलरवर चढवा. आधार कापून टाकले असतील तर आधी तिथेच नवे मारून घ्या. नाहीतर घरी पोचेपर्यंत बॉडी मधोमध खचते, आणि तो दोष कुणाचा यावर पुढे वाद घालता येत नाही.