सोरायसिससाठी फोटोथेरपी : पुण्यातील एका चिकित्सालयाबद्दल

सोरायसिस या त्वचेवर खवलेदार चट्टे उठवणाऱ्या आजारासाठी नॅरोबँड फोटोथेरपी, म्हणजे अतिनील किरणांच्या अरुंद पट्ट्याचा प्रकाशोपचार, घ्यायची असेल, तर यंत्र कोणत्या कंपनीचे आहे यापेक्षा दर खेपेच्या डोसची नोंद ठेवणारे कार्ड कोण भरते आणि कसे भरते, याची चौकशी आधी करावी, असे माझे मत झाले आहे. पुण्यातील ज्या खाजगी त्वचारोग चिकित्सालयात मी गेल्या हिवाळ्यापासून हे उपचार घेतले, तेथील काम एकंदरीत उत्तम असले तरी काही तक्रारीही नोंदवायच्या असल्यामुळे त्याचे नाव येथे देत नाही.

पहिल्या तपासणीला डॉक्टरांनी घाई केली नाही. कोपर, गुडघे आणि कंबरेवरचे चट्टे पाहून झाल्यावर त्यांनी डोक्याची त्वचा व नखे तपासली आणि सकाळी उठल्यावर बोटे आखडतात का, हेही विचारले; कारण या आजारात काही रुग्णांचे सांधे धरतात आणि त्या दुखण्यावर प्रकाशाचा उपयोग होत नाही. चट्टे इतक्या भागावर पसरले होते की नुसत्या मलमावर भागणार नव्हते, आणि यकृतावर चरबी असल्यामुळे आठवड्यातून एकदा घ्यायची, पण यकृताला अपाय करू शकणारी मेथोट्रेक्सेटची गोळी त्यांना लगेच सुरू करायची नव्हती. बायोलॉजिक, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग रोखणाऱ्या, इंजेक्शनांचा खर्च त्यांनी न विचारताच सांगितला, त्यामुळे त्या पर्यायाचा निर्णय तेथेच झाला. पोटातून स्टेरॉइड देऊन चार दिवसांत त्वचा स्वच्छ करून दाखवणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. ते औषध बंद होताच आजार दुप्पट जोराने उसळू शकतो, हे माहीत असूनही लोक तिकडे वळतात, म्हणून हा संयम मला विशेष वाटला.

उपचाराचे तत्त्व थोडक्यात असे आहे. सोरायसिसमध्ये शरीराच्या रोगप्रतिकारक पेशी त्वचेत अकारण सक्रिय होतात आणि एरवी सुमारे महिनाभर चालणारे पेशींचे चक्र काही दिवसांवर येते. त्याचेच खवले बनतात. अतिनील किरणांपैकी 311 ते 313 नॅनोमीटर तरंगलांबीचा अरुंद पट्टा या पेशींना आवर घालतो. 1974 पासून प्रचारात आलेल्या पुवा पद्धतीत त्वचेला प्रकाशाबाबत संवेदनशील करणारी सोरालेनची गोळी घेऊन मग दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांत उभे राहावे लागे, त्या गोळीने मळमळ होई आणि नंतरही दिवसभर काळा चष्मा सांभाळावा लागे. नॅरोबँडला गोळी लागत नाही, आणि गरोदरपणातही हा उपचार देता येतो. ‘मग गच्चीवर उन्हातच बसावे की’, हा सल्ला मला किमान निम्म्या नातेवाइकांनी दिला आहे. परंतु उन्हात त्वचा भाजणारे किरणही असतात आणि त्याचा डोस कोणी मोजत नाही.

यंत्र म्हणजे आतून उभ्या नळ्या लावलेले, माणूस उभा राहील एवढे कपाट. डोळ्यांवर गॉगल, गुप्तांगावर आवरण आणि चेहऱ्यावर चट्टे नसल्यास चेहराही झाकलेला, हे नियम येथे एकदाही ढिले पडले नाहीत. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या त्वचेसाठी डोस साधारणतः दर चौरस सेंटिमीटरला 300 मिलिज्यूलच्या (मिलिज्यूल हे ऊर्जेचे माप) आसपास सुरू होतो आणि त्वचा सोसेल तसा टप्प्याटप्प्याने वाढवला जातो. नळ्या जुन्या झाल्या की त्यांचा प्रकाश मंदावतो, त्यामुळे ‘मी दोन मिनिटे उभा राहतो’ या सांगण्याला अर्थ नसतो. नोंद मिलिज्यूलची हवी.

या चिकित्सालयाची खरी जमेची बाजू म्हणजे तेथील टेक्निशियन ताई. मागच्या खेपेनंतर त्वचा लाल झाली का, लाली दुसऱ्या दिवशीही टिकली का आणि नवे औषध सुरू झाले का, हे विचारल्याशिवाय त्या यंत्राचे बटण दाबत नाहीत. एकदा माझ्या आधीच्या वयस्कर गृहस्थांना त्यांनी विचारले, ‘काका, मधे कुठली नवी गोळी घेतलीत का?’ काकांनी खिशातून डॉक्सिसायक्लिनची पट्टी काढली. या औषधाने त्वचा प्रकाशाला अधिक संवेदनशील होऊ शकते, म्हणून ताईंनी त्या दिवशीचे सिटिंग थांबवून आधी डॉक्टरांना फोन लावला. जाड खवल्यांवर आधी खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवावा, म्हणजे प्रकाश आत पोचतो, आणि सॅलिसिलिक ॲसिडचे मलम मात्र सिटिंगपूर्वी लावू नये, कारण ते हेच किरण अडवते, हेही मला त्यांच्याकडूनच समजले.

फरक पडला, पण सगळीकडे सारखा नाही. कंबर आणि पाठ दुसऱ्या महिन्यात सपाट झाली, नडग्यांनी फार वेळ घेतला, आणि केसांखाली प्रकाश पोचतच नसल्यामुळे डोक्यासाठी औषधी लोशन चालू ठेवावेच लागले. अंगाचा रंग काळवंडतो. तो पुढे हळूहळू उतरतो.

आता तक्रारी. आठवड्यातून तीनदा, एकाआड एक दिवस यायचे असताना सिटिंगची वेळ संध्याकाळी सहाला संपते, म्हणजे नोकरदाराने दर खेपेला कचेरीतून लवकर निघायचे. खंड आठवड्यापेक्षा लांबला की डोस खाली आणावा लागतो आणि तीन-चार आठवडे गेले तर बहुधा पुन्हा आरंभापासून सुरुवात होते, त्यामुळे ही गैरसोय किरकोळ नाही. 30 सिटिंगचे पॅकेज आगाऊ भरण्याचा स्वागतकक्षातला आग्रहही मला रुचला नाही, कारण उपचार लागू पडतो की नाही हे ठरायच्या आधीच तो सुरू होतो. शिवाय ओपीडीतील उपचार म्हणून माझ्या मेडिक्लेममधून यातला एक रुपयाही मिळाला नाही.

सर्वांत मोठी तक्रार कार्डाची आहे. इतक्या काळजीने भरलेले कार्ड चिकित्सालय स्वतःकडेच ठेवते आणि प्रत मागितली तर ‘सरांना विचारून सांगतो’ असे उत्तर मिळते. हा आजार पुन्हा उलटणारा आहे. उद्या बदली होऊन मी नाशिकला किंवा नागपूरला गेलो, तर तेथील डॉक्टरांना माझा शेवटचा डोस आणि आजवरच्या सिटिंगांची एकूण संख्या या दोन्ही गोष्टी लागतील. तूर्त दर सिटिंगनंतर ताईंना विचारून मी तो आकडा मोबाइलमध्ये टिपून ठेवतो, आणि त्या तो आनंदाने सांगतात.