पोस्टर, सौर कुकर, स्वयंपाकघर की मीटर? लहान मुलांना ऊर्जाबचत शिकवताना काय निवडावे

दरवर्षी 14 डिसेंबर जवळ आला की प्राथमिक शाळांत ऊर्जाबचतीची लगबग सुरू होते. 1991 पासून हा दिवस राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन म्हणून पाळला जातो आणि त्यानिमित्ताने पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी नेमके काय हाती घ्यावे, हा प्रश्न शिक्षकांना आणि हौशी पालकांना पडतो. घोषवाक्य व चित्रकला स्पर्धा, सौर कुकर, स्वयंपाकघरातले छोटे प्रयोग आणि घरच्या वीजमीटरची नोंद असे चार पर्याय साधारणपणे समोर असतात. ज्यांना यांपैकी एखाद्याच उपक्रमासाठी सवड आहे, त्यांच्यासाठी ही तुलना केली आहे. ती करताना मी एकच कसोटी लावली आहे: ऊर्जा डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा ती खर्च होताना मुलाला स्वतः मोजता येते का?

चित्रकला स्पर्धा सर्वांत सोपी. साठ मुलांच्या वर्गाला एका तासात सामावून घेता येते, खर्च कागद-रंगांपुरता असतो आणि भिंतीवर लावायला काहीतरी हाती येते. अडचण त्या चित्रांतल्या आशयाची आहे, कारण बहुतेक चित्रांत पिवळा गोल दिवा असतो आणि त्याखाली ‘दिवे बंद करा’ असे लिहिलेले असते. घरोघरी 60 वॅटचे दिवे होते तेव्हा हा उपदेश योग्यच होता, कारण तसा दिवा 16 तास 40 मिनिटांत एक युनिट वीज खात असे. आजच्या 9 वॅटच्या एलईडी दिव्याला तेवढ्याच विजेसाठी सुमारे 111 तास लागतात. उलट 2000 वॅटचा गीझर सलग अर्धा तास तापत राहिला की तोच एक युनिट संपतो. म्हणजे मूल ज्याचे चित्र काढते तो आता घरातला सर्वांत काटकसरी सदस्य असतो आणि खरा उधळ्या न्हाणीघरात असतो. दिवा विनाकारण चालू ठेवू नये हे खरेच आहे. परंतु ऊर्जाबचत म्हणजे तेवढेच, असा समज या वयात पक्का झाला तर पुढे तो काढून टाकणे जड जाते.

हा समज मीटर दहा मिनिटांत दूर करतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, ते मीटरवरच छापलेले असते. हा आकडा मीटरनुसार बदलतो. अनेक ठिकाणी तो 3200 असतो. अशा मीटरवर केवळ एक 9 वॅटचा दिवा चालू असेल तर दोन लुकलुकींमध्ये दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ जातो. 75 वॅटचा जुना पंखा लावला की दर 15 सेकंदांनी एक लुकलुक होते. 1000 वॅटची इस्त्री लावली की मिनिटाला 53 आणि गीझर लावला की मिनिटाला 107, म्हणजे मोजता मोजता मुलाची जीभ अडखळते. भागाकार न येणाऱ्या मुलालाही एवढा फरक समजतो. इस्त्रीच्या वेळी आणखी एक गंमत घडते: ती पुरेशी तापली की तिच्यावरचा दिवा विझतो आणि त्याच क्षणी मीटरही मंदावतो. ‘मग कपडे गरम कसे होतात?’ हा प्रश्न तिथे हमखास येतो आणि साठवलेल्या उष्णतेचा धडा फळ्याशिवाय सुरू होतो.

यासाठी थोडी तयारी मात्र लागते. घरातली इतर उपकरणे बंद ठेवावी लागतात आणि फ्रिज आपल्या मर्जीने सुरू-बंद होत असल्यामुळे तेवढी दहा मिनिटे त्याचेही बटण बंद ठेवणे बरे. इमारतींमध्ये मीटर बहुधा तळमजल्यावर जिन्याखाली असतात. अशा वेळी आई वर बटणांपाशी, आजोबा नातवंडासह खाली मीटरसमोर आणि मध्ये फोन, अशी व्यवस्था उत्तम चालते. मीटरला किंवा त्याच्या पेटीला हात लावायचा नाही, केवळ पाहायचे, हा नियम आधी सांगावा. मीटरची खोली कुलूपबंद किंवा ओलसर असेल तर हा पर्याय सोडूनच द्यावा. शिवाय साधारण आठ वर्षांखालील मुलाला आकड्यांत फारसा रस टिकत नाही.

त्या लहानग्यांसाठी स्वयंपाकघर अधिक योग्य आहे, कारण तिथली ऊर्जा दिसते, तिचा आवाज येतो आणि वाफही निघते. एकाच पातेल्यात सारखेच पाणी एकदा झाकणाशिवाय आणि पातेले गार झाल्यावर पुन्हा झाकण ठेवून उकळावे. घड्याळ मुलाच्या हाती द्यावे. तूरडाळ एकदा भिजवून आणि एकदा न भिजवता उघड्या पातेल्यात शिजवली तरी असाच फरक दिसतो. उकळी फुटल्यावर आच मोठी ठेवल्याने पाणी अधिक तापत नाही, फक्त वाफ होऊन लवकर आटते, ही गोष्ट अनेक मोठ्यांनाही नव्याने कळते. गॅसच्या बाबतीत आपल्याकडे नोंदवहीही तयारच असते: सिलिंडर लावल्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहिण्याची सवय असंख्य घरांत आहे, तेव्हा 14.2 किलोचा सिलिंडर किती दिवस पुरला हे मुलाने मागची पाने उलटून स्वतः शोधावे. शेगडीपाशी मोठे माणूस असणे मात्र अत्यावश्यक आहे, त्यामुळे तीस मुलांच्या वर्गात हा उपक्रम जमणारा नाही.

सौर कुकर मुलांना सर्वांत जास्त आवडतो, आणि मला वाटते त्यामुळेच त्याची निवड सर्वांत घाईने होते. काळी पेटी, वर काच, बाजूला आरसा, आणि दोन-तीन तासांनी त्यातून शिजलेला भात निघतो, तो क्षण मुले विसरत नाहीत. पण त्यातून ऊर्जा येते कोठून हे समजते. ती वाचवायची कशी, हे समजत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्याला चकचकीत कागद लावून केलेल्या घरगुती नमुन्यात पाणी कोमट होते, भात शिजेलच असे नाही, आणि कच्चा भात पाहून वर्गाचा जो हिरमोड होतो तो सावरणे कठीण असते. जून ते सप्टेंबर महाराष्ट्रात त्याचा भरवसा धरू नये. आरशाची तिरीप डोळ्यांवर येणार नाही, याचीही काळजी घ्यावी लागते. परिसर अभ्यासात सूर्याचा पाठ चालू असेल तर तो जरूर करावा. बचतीचा उपक्रम म्हणून तो चौघांत मागे पडतो.

तेव्हा पहिली-दुसरीच्या मुलांसाठी घरी स्वयंपाकघर आणि तिसरीपासून पुढे मीटर, असे माझे मत आहे. शाळेत मोठा वर्ग सांभाळायचा असेल तर चित्रकला ठेवावी, पण मुलांनी घरी मीटर पाहून आल्यानंतर. मग कागदावर गीझर आणि इस्त्री उमटू लागतात.

मीटरची नोंद महिनाभर चालवायची असेल तर ती कधी सुरू करावी, यालाही महत्त्व आहे. मुलाने मार्चमध्ये नोंद सुरू केली आणि एप्रिलमध्ये पंखे दिवसभर फिरू लागले, तर त्याने कितीही काळजी घेतली तरी आकडा वाढलेलाच दिसतो आणि ते खट्टू होते. म्हणून मागच्या महिन्याशी तुलना न करता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. जुने बिल जपून ठेवले असेल तर तो आकडा त्यावर सापडतो आणि तो शोधून वहीत उतरवण्याचे काम मुलाकडेच द्यावे.