एल्गारचं ‘सालू दामूर’: तीन मिनिटांचा ऐवज

पाश्चात्त्य वाद्यवृंद म्हटलं की ज्यांना झोप येते त्यांनी आधी हे ऐकावं. इंग्लिश संगीतकार एडवर्ड एल्गारनं १८८८ साली कॅरोलाइन अ‍ॅलिस रॉबर्ट्सला साखरपुड्याची भेट म्हणून ही रचना दिली. पुढे हक्क शॉट प्रकाशनाला एकरकमी विकून टाकले. खप तुफान झाला, कमाई प्रकाशकाची!

मूळ रचना व्हायोलिन-पियानोची. मला नंतरची वाद्यवृंदाची आवृत्ती जास्त आवडते, आमच्या ह्यांना नाही. म्हणतात, दोघांतली गोष्ट सांगायला एवढी माणसं कशाला? पण ऐकून बघा. ट्रम्पेट नाही, ढोल-नगारे नाहीत. तंतुवाद्यं, थोडी लाकडी सुषिरवाद्यं आणि दोन हॉर्न, बस्स. साथीचे सूर ठोक्यावर न पडता ठोक्यांच्या मधे पडतात, त्यामुळे व्हायोलिनची ओळ जमिनीला टेकतच नाही. मध्ये पट्टी बदलते. मूळ चाल परत येते ती जास्त मोकळी होऊन, आणि शेवटाकडे एकदा जी वर चढते, तिथं मी हातातलं काम थांबवते.

तक्रार वादकांबद्दल. लग्नाच्या हॉलपासून लिफ्टपर्यंत वाजवून या चालीचं पार गुळाचं पाणी केलंय. एल्गारनं ‘अंदान्तीनो’, म्हणजे मध्यम, चालती लय लिहिलीय, रडगाणं नव्हे. ध्वनिमुद्रण निवडताना आधी वेळ बघा. तीन मिनिटांच्या आसपास असेल तर बिनधास्त लावा. चारच्या बरंच पुढे गेलेलं मी तरी लावत नाही.